आडव्या बाटल्या

कपाटाचं दार उघडलं आणि मी तशीच उभी राहिले. आदल्या रात्री खालच्या दोन खणांत उभ्या करून ठेवलेल्या ४८ बाटल्या सकाळी आडव्या झाल्या होत्या. पडल्या नव्हत्या. कुणीतरी एकेक उचलून, झाकणं एकाच बाजूला येतील अशा बेतानं रचून ठेवल्या होत्या. गडगडू नयेत म्हणून मध्ये माझ्या जुन्या सुती ओढणीच्या घड्याही घातल्या होत्या. घरात आम्ही तिघं, त्यातला नवरा त्या आठवड्यात कामासाठी सिॲटलला. म्हणजे आई. ती स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती. मी चहाचं आधण ठेवलं. तिनं विचारलं, "आलं आहे का गं अजून?" मी म्हटलं, "आहे." बाटल्यांचा विषय तिनं काढला नाही आणि मीही काढला नाही.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली.

घरी बिअर करणाऱ्याला बाटली उभी का ठेवायची हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. मोठ्या भांड्यात आंबून तयार झालेली बिअर सपक असते, तिच्यात वायू जवळजवळ नसतो. बाटल्या भरायच्या आधी १९ लिटरला साधारण सव्वाशे ग्रॅम साखर उकळून घालायची आणि घट्ट पत्र्याची झाकणं लावायची. आत उरलेलं यीस्ट ती एवढीशी साखर खातं, वायू सोडतं, तो बाहेर पडू शकत नाही म्हणून बिअरमध्येच मुरतो. दोन आठवड्यांनी यीस्ट दमून तळाशी बसतं, पिठाच्या पातळ थरासारखं. बाटली उभी असेल तर ओतताना शेवटचा बोटभर भाग मागे ठेवला की वरचं नितळ मिळतं. आडवी ठेवली तर तो गाळ कुशीला लांबच लांब चिकटतो आणि ओतताना सगळा पेल्यात येतो. आईला यातलं काही माहीत नव्हतं. पण आडव्या बाटलीचा अर्थ तिला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत होता.

माझी सुरुवात बिअर आवडते म्हणून झाली नाही. अमेरिकेत, ओरेगनमधल्या पोर्टलंडला राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी, ऑगस्टच्या शेवटी, आम्ही विलामेट खोऱ्यातून गाडीनं चाललो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच खांब, त्यांवर तारा, तारांवरून खाली सोडलेल्या दोऱ्या आणि त्या दोऱ्यांना वेढे घालत पंधरा-अठरा फूट वर गेलेले वेल. मला वाटलं पडवळाचा किंवा घोसाळ्याचा मांडव असेल. तोडणी चालू होती. एका शेताच्या फाटकाशी थांबलो तर तिथल्या बाईनं एक हिरवं बोंड माझ्या तळहातावर ठेवलं आणि हातांनी चोळून दाखवलं. मी चोळलं. आत हळदीसारखी पिवळी चिकट पूड होती आणि वास आला तो थेट पपनसाचा. आमच्या परसातल्या, सोललं की सालीतून डोळ्यांत तुषार उडणाऱ्या पपनसाचा. तो हॉप्सचा वेल होता, भांगेच्या कुळातला. बिअरला कडवटपणा आणि वास देतात ती हीच बोंडं. जात होती कॅस्केड, तिथून जवळच कॉर्व्हॅलिसला सरकारी संशोधनातून तयार झालेली आणि १९७२ मध्ये शेतकऱ्यांना दिलेली. घरी येईपर्यंत मी हात धुतले नाहीत. बिअरच्या कडवटपणाखाली असं काही असतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. त्या वासासाठी मी बिअर करायला लागले.

इथे पोर्टलंडमध्ये एफ. एच. स्टाइनबार्ट नावाचं, १९१८ पासून चालत आलेलं, घरी बिअर करणाऱ्यांसाठीचंच दुकान आहे. तिथे दारातून आत शिरलं की पिंपांतून भरलेल्या भाजक्या धान्याचा वास येतो, आपल्याकडच्या गिरणीत आणि भडभुंज्याच्या दुकानात एकाच वेळी उभं असल्यासारखा. तिथून मी पहिलं सामान आणलं: झाकणाचं प्लास्टिकचं मोठं भांडं, त्याच्या झाकणात बसणारी पाण्याची छोटी नळी, काचेचा तरंगता हायड्रोमीटर, बाटल्यांना झाकणं लावायचा दांडा आणि माल्टच्या, म्हणजे मोड आणून भाजलेल्या जवाच्या, अर्काचा डबा. डबा उघडला तर आत काकवी. रंग तोच, धार तीच, चमच्यावरून न तुटणारी. नवख्या माणसानं अर्कापासून सुरुवात करावी हे बरोबरच आहे, कारण धान्यातून साखर काढायचं अवघड काम दुसऱ्या कुणीतरी आधीच केलेलं असतं. आपण फक्त पाण्यात कालवायचं, तासभर उकळायचं, उकळी आली की कडवटपणासाठी हॉप्सचा पहिला हप्ता आणि उतरवताना वासासाठी दुसरा. इथलं नळाचं पाणी बुल रनच्या जंगलातून येतं, खूप मऊ.

पहिल्याच उकळीला सगळं उतू गेलं. दुधासारखंच, आधी काहीच नाही आणि मग एका श्वासात कडेपर्यंत फेस. दूध उतू जातं तेव्हा आपण फुंकर मारतो, मी तशीच फुंकर मारली, पण पाच गॅलनच्या पातेल्याला फुंकरीचं काय. गरम काकवीसारखा रस शेगडीवर, शेगडीखाली, ओट्याच्या फटीत गेला आणि पाकासारखा घट्ट झाला. रात्री दोन वाजेपर्यंत मी सुरीनं तो खरवडत होते. तेव्हापासून उकळी फुटायच्या वेळेला मी पातेल्यासमोरून हलत नाही, फोन वाजला तरी नाही.

थंड करणं त्याहून नाजूक. उकळलेला रस गरम असतो तोवर सुरक्षित, पण यीस्ट घालायचं तर तो २० अंशांच्या आसपास यायला हवा, आणि तो तिथे पोचेपर्यंत हवेतलं काय काय त्यात पडेल याला धरबंध नाही. त्यामुळे उकळीनंतर जे जे त्याला शिवेल ते निर्जंतुक पाहिजे: पळी, चाळणी, नळी, हात. हे वाचलं तेव्हा मला वेगळं काही शिकल्यासारखं वाटलं नाही. लोणच्याची बरणी उन्हात तापवणं, तिला हिंगाची धुरी देणं, तेलाचा थर वर आला पाहिजे, ओला चमचा घालायचा नाही, हे मी घरीच शिकले होते. त्याच घरात महिन्याच्या चार दिवसांत मला त्या बरणीला हात लावू देत नसत. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही चीड येते. पण कोरड्या चमच्याची शिस्त मी सोबत घेऊन आले, बाकीचं तिथेच ठेवलं.

मग यीस्ट. एका पुडीत ११ ग्रॅम, तांबूस रव्यासारखं. १५१६ साली बव्हेरियात बिअरमध्ये काय घालायचं याचा कायदा झाला त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढंच होतं. यीस्टचं नावच नव्हतं, कारण आंबवणारं काहीतरी जिवंत असतं हे कुणाला माहीत नव्हतं. लुई पाश्चरनं बिअरवरचं पुस्तक छापलं ते १८७६ मध्ये, आणि कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवलं ते १८८३ मध्ये. त्याआधीची कितीतरी शतकं लोक मागच्या आंबणातलं थोडं पुढच्यात घालत आले, आपण विरजण ठेवतो तसं. मी भांडं न्हाणीघराशेजारच्या कपाटात ठेवलं, दार लावलं आणि झोपले. पहाटे जाग आली ती आवाजानं. डुब्. मग बऱ्याच वेळानं पुन्हा डुब्. झाकणावरच्या नळीतल्या पाण्यातून वायूचा बुडबुडा बाहेर पडत होता. दुपारपर्यंत तो आवाज घड्याळाच्या ठोक्यांसारखा लागोपाठ यायला लागला. दाराला कान लावून मी किती वेळ बसले असेन, सांगता येत नाही. काहीतरी आपल्या हातून सुरू झालं आहे आणि आता ते आपलं ऐकणार नाही, असं ते वाटणं होतं.

चूक मी सातव्या दिवशी केली. बुडबुडे थांबले म्हणजे झालं, असं मी धरून चालले. हायड्रोमीटर उंच नळीत सोडला की तो साखरेच्या दाटपणानुसार वर-खाली तरंगतो. पहिल्या दिवशी तो १.०५० दाखवत होता, सातव्या दिवशी १.०२०. यायला हवा होता १.०१२ च्या आसपास. बघितलं, खटकलं, आणि तरी बाटल्या भरल्या, कारण शनिवार होता आणि मला घाई होती. उरलेली साखर, वर मी घातलेली साखर. दहाव्या रात्री कपाटात एक बाटली फुटली. काचेचा तुकडा दाराच्या आतल्या लाकडात रुतून बसला होता. जाडजूड हातमोजे आणि चष्मा घालून नवऱ्यानं आणि मी एकेक बाटली बादलीत धरून झाकण सैल केलं, सगळी बिअर मोरीत ओतली. आता मी लागोपाठ तीन दिवस आकडा बघते. तीनही दिवस तो जागचा हलला नाही तरच बाटल्या बाहेर काढते. कुणी नव्यानं करायला घेतलं तर मी हीच एक गोष्ट हात धरून सांगते.

आता या घरात आई आली.

आमचं गाव साताऱ्याच्या जावळी तालुक्यातलं. भात आणि नाचणी. धाकटे काका आमच्याच वाड्यात राहायचे. पपईच्या देठाची पिपाणी करून द्यायचे, सायकलच्या दांडीवर बसवून मला मेढ्याच्या बाजाराला न्यायचे आणि संध्याकाळी वेगळेच होऊन परत यायचे. आई अंड्यांचे पैसे नाचणीच्या कणगीत तळाशी ठेवायची. एकदा काकांनी ती कणगीच उपडी केली. अंगणभर लाल नाचणी पसरली होती, कोंबड्या धावल्या होत्या, आणि आई काही न बोलता सुपात गोळा करत होती. त्या रात्री ओसरीवर जो वास होता तो देशीचा होता. आमच्या घरात बिअर, वाइन, देशी, हातभट्टी असे वेगळे शब्द नव्हतेच. दारू हा एकच शब्द होता आणि तो हळू आवाजात उच्चारला जायचा.

मी बारावीत असताना गावात मतदान झालं. देशीचं दुकान राहू द्यायचं की बंद करायचं, आणि मत फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, एक उभी बाटली, एक आडवी. दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, म्हणजे जी घरी बसली तिचं मतही दुकानालाच गेल्यासारखं. म्हणून आई आणि चौघी-पाचजणी पंधरा दिवस दारोदार फिरल्या, बांधावर गेल्या, माहेरी गेलेल्यांना निरोप धाडले. "बाटली आडवी करायची बरं का," एवढंच सांगायच्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी आईनं घरातली एक रिकामी बाटली पिशवीत ठेवली होती, ती भुईवर आडवी ठेवून दाखवायची. बाटली आडवी झाली. गुलाल उधळला. मी आईला तेवढं मोठ्यानं हसताना पुन्हा कधी पाहिलं नाही. काका नंतर पलीकडच्या गावाला चालत जायचे. चार वर्षांनी गेले.

अमेरिकेत घरी बिअर करायला १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं मोकळीक दिली. दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. विकायची मात्र नाही. मिसिसिपी आणि अलाबामा राज्यांनी तर ती २०१३ मध्ये दिली. आमच्याकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा, परवान्याशिवाय घरात हे करणं गुन्हाच. मी जे कपाटात हौसेनं करते ते माझ्या गावी केलं तर पोलीस येतील, आणि आई त्यांना घर दाखवायला पुढे असेल. हे मला तिला घ्यायला विमानतळावर जाताना पहिल्यांदा लख्ख कळलं. गाडीत बसायच्या आधी मी कपाट आवरून आले होते.

तरी दीड महिना झाल्यावर राहवलं नाही. तोवर मी अर्क सोडून आख्ख्या धान्यावर आले होते. शेजारच्या एका मराठी काकू आईला देवळात घेऊन गेल्या आणि मी पातेलं चढवलं. साडेचार किलो भरडलेला, मोड आणून भाजलेला जव मोठ्या जाळीच्या पिशवीत, पाणी ६६ अंशांवर, एक तास. या तासात काही करायचं नसतं, फक्त ऊब टिकवायची. जवाला मोड येताना त्याच्या आत जे रस तयार होतात ते या उबेत धान्याच्या पिठाची साखर करतात. पंधराव्या मिनिटाला पाणी गढूळ पिठूळ असतं, पंचेचाळिसाव्या मिनिटाला चाखलं तर गोड. मी पिशवी उचलून चाळणीवर निथळत ठेवली होती तेवढ्यात कुलूप उघडल्याचा आवाज आला. देवळातला कार्यक्रम लवकर संपला होता.

आई चपला काढून थेट ओट्यापाशी आली. वास घेतला. माझ्याकडे न बघता तर्जनी बुडवली आणि चाटली.

"हे सत्व आहे," ती म्हणाली. "कशाचं?"

"सातूचं."

"मोड आणून केलंय."

मी हो म्हटलं. तिच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद होता. माझ्या लहानपणी ती नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायची, पत्र्यावर वाळवायची, दोन हातांमध्ये चोळून मोड झाडायची, मग दळायची. वाड्यातल्या प्रत्येक बाळाला तेच सत्व. साध्या नाचणीच्या पिठाची पेज थिजून गोळा होते, मोडाच्या नाचणीची पातळ राहते आणि मुळात गोड लागते, हे तिनं हजार वेळा पाहिलेलं. मी जे पुस्तकं वाचून, तापमापक लावून करत होते ते तिला बोटाच्या टोकाला कळलं. मग तिनं चाळणीकडे पाहिलं. "एवढं पौष्टिक, आणि गाळून काढतेस?"

गाळणं. आमच्याकडे दारू गाळतात. तो शब्द तिच्या तोंडून सहज आला होता, पण मला तो लागला, आणि मी म्हणाले, "व्हिनेगर करतेय, आई. विकतचं महाग पडतं." ती बरं म्हणाली आणि साडी बदलायला गेली. तेवढी एक संधी होती. तिचं बोट अजून ओलं होतं, आम्ही दोघी एकाच पातेल्यावर वाकलो होतो. मी तिला सगळं सांगू शकले असते. त्याऐवजी मी तिला फसवलं, आणि तेही सत्वाच्या तोंडावर.

दोन आठवडे कपाटातून डुब् डुब् आवाज येत होता. तिनं एकदाही विचारलं नाही. मग ती झोपल्यावर मी ४८ बाटल्या भरल्या, झाकणं दाबली, खणांत उभ्या केल्या. सकाळी त्या आडव्या होत्या.

ती परत जाईपर्यंत मी त्या उभ्या केल्या नाहीत. कपाट उघडायची गरज पडली तर उघडून पुन्हा लावत होते. कधी वाटायचं तिनं मत दिलं आहे. कधी वाटायचं, उभ्या बाटल्या तिला धोक्याच्या वाटल्या असतील, लागून फुटतील म्हणून नीट निजवल्या, त्या ओढणीच्या घड्यांवरून तर तसंच वाटायचं. रागानं आडव्या करणारी बाई मध्ये मऊ कापड घालेल का? आणि मायेनं ठेवणारी बाई मला एका शब्दानं सांगणार नाही का? ती नोव्हेंबरात गेली. विमानतळावरून आल्यावर त्या रात्री मी एक बाटली उघडली. कुशीला गाळाची करडी रेघ होती. पेल्यात बिअर ताकासारखी गढूळ आली. चव चांगली होती. खरं तर तोवर केलेल्यांत सगळ्यात चांगली. मी अर्धी प्यायले आणि तशीच ठेवून दिली.

गेल्या महिन्यात बीव्हर्टनच्या वाण्याकडे आख्खी नाचणी दिसली. दोन किलो घेतली. जवाच्या बरोबरीनं थोडा नाचणीचा माल्ट घालून बघायचा, असं बरेच दिवस मनात होतं. घरी येऊन भिजत टाकली आणि मग हात थांबला. किती वेळ भिजवायची, मोड किती येऊ द्यायचे, इथल्या थंडीत फडकं कसं ठेवायचं, हे मला नीट आठवेना. आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागे कोंबडा आरवत होता.

"नाचणीला मोड आणायचेत," मी म्हटलं.

"सत्व करतेस? कुणासाठी गं?"

"सत्व नाही. बिअर करायची आहे. मागच्या वेळचीही बिअरच होती. व्हिनेगर नव्हतं."

पलीकडे बराच वेळ काही नाही. कोंबडा पुन्हा आरवला. भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"माहीत आहे," आई म्हणाली. मग पुन्हा थांबली. "भिजत किती वेळ झाला?"

"दुपारपासून."

"रात्री पाणी बदल. सकाळी निथळून घे, पूर्ण निथळ, खाली पाणी राहिलं तर आंबूस वास मारते. मग सुती फडक्यात सैल बांध, घट्ट नको, तिला श्वास लागतो. तुमच्याकडं गारठा असेल तर कणकेच्या डब्याशेजारी ठेव, उबेला. फार मोड येऊ देऊ नको. नुसते पांढरे डोळे फुटले की काढायची."

"आणि फडकं?"

"ओलसर राहू दे. मधनंमधनं पाणी शिंपड." मग म्हणाली, "ती माझी निळी ओढणी आहे ना तिथं, तिच्यात बांध. धुवून मऊ झालीय."

ओढणी माझी होती, पण मी काही बोलले नाही. कपाटातून ती काढून आणली आणि पाण्यात बुडवली.